स्फुरद ‘अत्यंत कमी’ असूनही चहाचं झुडूप हिरवंगार कसं राहतं?

प्रश्न विचारणारे कोल्हापूरकडचे कृषी पदवीधर आहेत. वरच्या आसामातल्या एका चहाबागेत ते नुकतेच असिस्टंट मॅनेजर म्हणून रुजू झाले. त्यांनी बागेच्या एका सेक्शनची (तुकड्याची) माती गावाकडच्या ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतली. अहवालात सामू (पीएच) 4.6, सेंद्रिय कर्ब चांगला, पालाश (पोटॅशियम) मध्यम आणि स्फुरदापुढे (फॉस्फरस) ‘अत्यंत कमी’ असा शेरा आहे. झुडपं मात्र तजेलदार आहेत आणि दर आठवड्याला पाती (खुडायचे कोवळे कोंब) निघते आहे. त्यांचं म्हणणं असं: “एवढ्या कमी स्फुरदावर आमच्याकडे ऊस उभा राहिला नसता. हे झुडूप स्फुरद आणतं कुठून? आणि आता मी डीएपी टाकू का?”

डीएपी म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरदाचं खत. त्याची घाई करू नका. अहवालातला आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो आकडा मातीतला स्फुरद रसायनाने किती ओढला ते सांगतो. चहाचं मूळ किती ओढतं, हे त्यातून कळत नाही. चहाच्या बाबतीत या दोन गोष्टींत फार अंतर पडतं.

आधी अहवालाबद्दल. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रयोगशाळा स्फुरद ऑल्सेन पद्धतीने मोजतात. सोडियम बायकार्बोनेटचं, 8.5 सामूचं द्रावण वापरून. ही पद्धत चुनखडीच्या, उदासीन ते विम्ल (अल्कधर्मी) जमिनींसाठी बसवलेली आहे. ‘कमी’, ‘मध्यम’, ‘भरपूर’ या तिच्या मर्यादाही त्याच जमिनींतल्या पिकांवरून ठरल्या. तुमची माती 4.6 सामूची. अशा आम्ल मातीला ब्रे पद्धत वापरतात, तिच्यात अमोनियम फ्लोराइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फ्लोराइड ॲल्युमिनियमला धरतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद सुटून द्रावणात येतो. त्यामुळे पुढचा नमुना जोरहाटच्या टोकलाई चहा संशोधन केंद्राकडे किंवा आम्ल मातीचं काम रोज करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेकडे द्या. टोकलाईत 1911 पासून चहावरच काम चालू आहे. तिथल्या शिफारशी चहासाठी बसवलेल्या आहेत, उसासाठी नाहीत.

ब्रे पद्धतीनेही आकडा कमीच येईल अशी माझी अटकळ आहे. म्हणून मूळ प्रश्नाकडे वळू.

आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी जखडला जातो. आम्ल मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडतो. कोकणातल्या जांभ्या मातीत काजू-आंब्याला हीच अडचण येते, आणि दक्षिणेतल्या निलगिरी-अनामलाईच्या लाल मातीत तर ती आसामपेक्षा जास्त तीव्र आहे. एकूण स्फुरद मात्र या मातीत असतो. किलोमागे 400 मिलिग्रॅम धरला तर हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरातच सुमारे 800 किलो होतो. अडचण अशी की मुळांना घेता येईल असा, पाण्यात विरघळलेला स्फुरद अगदी नगण्य असतो.

किती नगण्य, ते एकदा हिशेब करून पाहा. हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं आकारमान 1500 घनमीटर. तिच्यात चौथा हिस्सा पाणी धरलं तर पावणेचार लाख लिटर. अशा मातीच्या पाण्यात लिटरमागे 0.03 मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद असतो. म्हणजे अख्ख्या हेक्टरमध्ये एका वेळी सुमारे 11 ग्रॅम! आता खर्च बघा. हेक्टरी 2000 किलो तयार चहा निघाला आणि त्यात 0.4 टक्के स्फुरद असला, तर 8 किलो स्फुरद बागेबाहेर गेला. (हे आकडे मूलद्रव्याचे आहेत. खताच्या पोत्यावर P₂O₅ च्या रूपात जे छापतात, त्यासाठी 2.29 ने गुणा.) 11 ग्रॅमच्या साठ्यातून 8 किलो काढायचे, तर मातीतलं ते पाणी वर्षात सातशेच्या वर वेळा स्फुरदाने नव्याने भरलं पाहिजे. विहिरीत पाणी किती उभं आहे यापेक्षा तिचा झरा किती जिवंत आहे हे महत्त्वाचं, तसंच इथे आहे. अहवाल तुम्हाला उभं पाणी सांगतो. झरा चालवायचं काम बऱ्याच अंशी झुडूप स्वतः करतं.

ते काम कसं चालतं हे पाहायला खुरपं घेऊन सेक्शनमध्ये जा. चांगलं, जुनं, दाट छताचं झुडूप निवडा आणि त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर बसा. वरची कोरडी पानं हाताने बाजूला करा. त्याखाली ओलसर, तपकिरी, अर्धवट कुजलेला पाला लागेल. त्यातलं एक पान अलगद उचला. त्याच्याबरोबर दोऱ्यासारखी बारीक, फिकट मुळं वर येतील, पानाच्या शिरांना चिकटलेली, काही तर पानाच्या गरातून आरपार गेलेली. ही खाणारी मुळं. मातीत खोल जाणारी मुळं वेगळी, ती झुडपाला धरून ठेवतात, पाणी आणतात आणि पिठूळ साठा ठेवतात. स्फुरदाचा मोठा व्यवहार या वरच्या वीतभर थरात, आणि त्यातही मातीला टेकलेल्या पाल्यात होतो.

असं का? कारण स्फुरद मातीत चालत नाही. नत्राचं नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं, स्फुरदाला मात्र कण-कण सरकत यावं लागतं, आणि तो सरकतो मिलिमीटरात. मुळाने आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा केला की तिथे नवा स्फुरद यायला फार वेळ लागतो. त्यामुळे झाडापुढे दोनच वाटा राहतात. एकतर मुळांनी सतत नव्या जागी जायचं, नाहीतर जागच्या जागी जखडलेला स्फुरद सोडवायचा. चहा दोन्ही करतो.

नव्या जागी पोचायच्या कामात त्याला मोठा सोबती आहे, बुरशी. चहाच्या मुळांवरचे केस तुटपुंजे असतात, म्हणून तो मुळांच्या आत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीवर बराच विसंबून असतो. तिचे तंतू मुळापेक्षा कितीतरी बारीक. मातीच्या ज्या फटींत मूळ शिरू शकत नाही तिथे ते जातात, रिकाम्या झालेल्या पट्ट्याच्या पलीकडून स्फुरद उचलतात आणि झुडपाला देऊन बदल्यात साखर घेतात. पाण्यात विरघळणारा स्फुरद तुम्ही वरून भरमसाट ओतलात, तर झुडूप हा साखरेचा खर्च आवरतं घेतं आणि मुळांतली बुरशी कमी होते. पोत्याच्या किमतीत हा तोटा कुठे दिसत नाही, म्हणून तो लक्षात ठेवा.

आता जखडलेला स्फुरद सोडवण्याचा भाग. चहाचं सगळ्यात विलक्षण गुपित इथे आहे. स्फुरद कमी पडला की चहाची मुळं सेंद्रिय आम्लं बाहेर सोडतात, ऑक्झॅलिक, मॅलिक, सायट्रिक. ही आम्लं लोह आणि ॲल्युमिनियमला पकडतात, आणि त्यांना चिकटलेला स्फुरद मोकळा होतो. असं आणखीही काही वनस्पती करतात. पण ॲल्युमिनियम मोकळं झालं की बहुतेक पिकांच्या मुळांची टोकं जळतात. चहाला ते सोसतं, इतकंच नाही, हवंही असतं. 1985 मध्ये जपानमध्ये कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चहाची रोपं पोषक द्रावणात वाढवून दाखवलं की स्फुरद कमी असो वा जास्त, ॲल्युमिनियम दिल्यावर रोपांची वाढ सुधारते. पुढे 2020 मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं की द्रावणातून ॲल्युमिनियम काढून टाकलं तर चहाच्या मुळांची वाढच खुंटते. घेतलेलं ॲल्युमिनियम झुडूप जुन्या पानांत साठवत जातं. जुन्या पानांत ते किलोमागे 10 ग्रॅमच्याही वर जाऊ शकतं. आपण खुडतो त्या कोवळ्या पातीत त्या मानाने फारच कमी असतं.

म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या धाकाने दुसरं पीक त्या मातीत पाऊल टाकत नाही, त्याच्याशीच चहा जुळवून घेतो आणि त्याला चिकटलेला स्फुरदही मिळवतो. मला या झुडपाबद्दल जो आदर वाटतो त्याचं हे एक कारण आहे.

तिसरा स्रोत सेंद्रिय स्फुरदाचा. पाला, मेलेली मुळं, सूक्ष्मजीव यांच्यात अडकलेला स्फुरद. दाट पाल्याच्या बागेत वरच्या थरातल्या स्फुरदाचा मोठा हिस्सा या रूपात असतो आणि मूळ तो जसाच्या तसा घेऊ शकत नाही. त्यासाठी मुळं आम्ल फॉस्फेटेज नावाचं विकर (एन्झाइम) बाहेर सोडतात. ते सेंद्रिय साखळीतून फॉस्फेट कापून वेगळं करतं. उपासमार वाढली की हे विकरही वाढतं. मुळं कुजक्या पानाला का चिकटतात ते आता कळेल. तिथे कापलेला स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या हाती लागण्याआधीच मूळ तो उचलतं.

उचलणंही सोपं नाही. बाहेरच्या पाण्यापेक्षा पेशीच्या आत स्फुरद हजारो पटींनी जास्त असतो, म्हणजे उताराविरुद्ध ओढायचं. त्यासाठी मुळांच्या पेशींच्या पडद्यावर स्फुरद ओढणारी खास प्रथिनं असतात आणि टंचाईत झुडूप त्यांची संख्या वाढवतं. चहामध्ये या प्रथिनांची जनुकं ओळखली गेली आहेत.

घरातली काटकसर याहून वेगळी. जुन्या पानांतला स्फुरद काढून झुडूप तो नव्या कोंबांकडे पाठवतं. टंचाई वाढली की वनस्पती पेशींच्या पडद्यातला स्फुरदयुक्त मेदही काही प्रमाणात मोडतात आणि त्या जागी साखर किंवा गंधक असलेला मेद बसवतात. म्हणून पहिली खूण कधीही कोंबावर शोधू नका. ती छताखालच्या जुन्या पानांवर दिसते. पानाची चकाकी जाते आणि ते निस्तेज होतं, पिवळेपणा मात्र सहसा नसतो. पुढची पायरी म्हणजे कोवळ्या आणि जून फांद्या टोकाकडून मरायला लागतात, छाटणीनंतर फुटवा विरळ येतो. इतकं झालं की पाती कमी होतेच, शिवाय कपातल्या चहाची गोडी आणि अंगही उतरतं. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही, म्हणूनच मी घाई करू नका म्हणतो.

खात्री करायची असेल तर मातीबरोबर पान तपासा. कोंबावरचं तिसरं पान घ्या, एकाच सेक्शनमधून, एकाच दिवशी, खताला किमान महिना होऊन गेलेला असावा. त्यात स्फुरद साधारण 0.40 टक्के किंवा वर असला तर झुडपाचं बरं चाललं आहे. 0.35 च्या खाली गेला तर माझ्या लेखी ती खरी टंचाई. छाटणीच्या वर्षी फुटव्याचं पान घेऊ नका, त्याचा आकडा नेहमीच्या झुडपाशी जुळत नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण आसामात तो भेटतोच. नाला तुंबलेल्या सखल भागात माती परीक्षणात स्फुरद चांगला दिसतो आणि झुडपं मात्र खंगलेली असतात. पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलतं आणि त्याला जखडलेला स्फुरद सुटतो. पण तो घ्यायला जिवंत मुळं राहिलेली नसतात. तिथे खताचा प्रश्नच नाही, नाल्याचा आहे. उलट, नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत माती वाळली की स्फुरदाचं सरकणं जवळजवळ थांबतं. तेव्हा पहिल्या बहराच्या पातीचा भार मुळांतल्या आणि खोडातल्या साठ्यावरच पडतो. पाल्याचं पांघरूण असलेल्या जागी ओल टिकते, त्यामुळे तिथे झुडूप लवकर जागं होतं.

मग डीएपी टाकायचा का? उभ्या, निरोगी, जुन्या झुडपांना एकदम मोठा हप्ता देऊ नका. पाण्यात विरघळणारा स्फुरद तुमच्या मातीवर पडला की काही आठवड्यांत त्यातला मोठा हिस्सा लोह-ॲल्युमिनियमच्या ताब्यात जातो. तो कायमचा गेला असं नाही, पण तुम्ही ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग गेला. शिवाय स्फुरदाचा अतिरेक जस्ताच्या वाटेत येतो, आणि चहाला जस्त आधीच कमी पडतं, म्हणून तर बागांत झिंक सल्फेट फवारतात.

आम्ल मातीसाठी रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदयुक्त खडकाची भुकटी, जास्त शहाणपणाचं. उदाहरणार्थ राजस्थानातला राजफॉस. काळ्या जमिनीत ही भुकटी वर्षानुवर्षं तशीच पडून राहते, पण 5.5 पेक्षा कमी सामूच्या मातीत आम्लच तिला हळूहळू विरघळवतं. चहा अमोनियमचा नत्र आवडीने घेतो आणि तो घेताना मुळापाशी आम्लता सोडतो, त्याचीही मदत होते. दक्षिणेतल्या बागांत रॉक फॉस्फेट दरवर्षी न देता वर्षाआड, आणि वर फेकून न देता मातीत वीतभर खोल पेरून देतात. तमिळनाडूतल्या वालपराईच्या उपासी (दक्षिणेतल्या मळेवाल्यांची संघटना) चहा संशोधन प्रतिष्ठानाचा भर यावरच आहे. तुमच्याकडे टोकलाई माती-पानाच्या निकालावरून मात्रा देईल, तीच पाळा. मात्र नव्या लागवडीत आणि नर्सरीत माझं मत अगदी वेगळं आहे. तिथे मुळांचं जाळं नाही, पाला नाही, बुरशीही बसलेली नाही. कलमी रोपाला तर सोटमूळही नसतं. अशा रोपाला वर सांगितलेलं काहीही जमत नाही. त्याला खड्ड्यातच कुजलेल्या खताबरोबर रॉक फॉस्फेट मिसळून द्या, त्यात कंजुषी नको.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या सेक्शनची छाटणी पुढे कधी तरी येईलच. त्या वेळी खाली पडणारा पाला आणि काड्या हाच तुमचा स्फुरदाचा सगळ्यात चांगला साठा आहे. हेक्टरी 10 टन सुका माल पडला आणि त्यात 0.1 टक्के स्फुरद धरला, तरी 10 किलो झाला, म्हणजे वर काढलेल्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त. आणि तो बरोबर त्या जागी, त्या रूपात पडतो जिथून चहाची मुळं घेऊ शकतात. पण बऱ्याच बागांत तो जाळतात, किंवा बाहेर वाहून टाकतात, किंवा तण काढण्याच्या नावाखाली कुदळीने वरचा थर इतका खरवडतात की पाल्याबरोबर ती बारीक मुळंही तुटून जातात. अशा जागी खुरपं घातलंत तर वर कडक, गुळगुळीत पापुद्रा लागेल आणि खाणारं मूळ बोटभर खालीही सापडणार नाही. मग अहवालातला ‘अत्यंत कमी’ खरा होतो, आणि दरवर्षी पोती वाढवूनही झुडूप सुधारत नाही.

कामगारांच्या वस्तीत चुलीला लाकूड लागतं. ती गरज खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. जाड फांद्या त्यांना न्यायला द्या, त्यांच्यात स्फुरद तसाही कमीच असतो. पानं आणि बोटाएवढ्या बारीक काड्या मात्र ओळींच्या मध्ये पसरून राहू द्या. हे सरदाराला (कामगारांच्या मुकादमाला) एकदा शांतपणे समजावून सांगितलं की तो ते नीट पाळून घेतो. पाल्याखाली दमटपणाने रोग वाढेल ही भीती काही मॅनेजरांना असते. पाला बुंध्यापासून थोडा दूर ठेवा, एवढ्याने भागतं.

चुन्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गावाकडून कुणीतरी सुचवणार हे नक्की: चुना टाका, सामू चढवा, स्फुरद सुटेल. 4.6 चा सामू चहाला मानवतो, 4.5 ते 5.5 ही त्याची आवडती पट्टी. सामू खूपच खाली घसरला तर छाटणीच्या वर्षी डोलोमाइट (चुनखडीसारखाच दगड, मॅग्नेशियम असलेला) देतात, तेही मातीच्या निकालावरून. पण सामू 5.5 च्या वर गेला की मुळांना लागणारं ॲल्युमिनियमही हातचं जातं आणि झुडूप पिवळं पडायला लागतं. तुमच्या सेक्शनला आज चुना नको.

या हंगामात एवढंच करा. ब्रे पद्धतीचा माती अहवाल आणि तिसऱ्या पानाचा अहवाल, दोन्ही एकाच सेक्शनचे, मागवा. त्याच सेक्शनमध्ये दोन ओळी निवडा. एकीत रॉक फॉस्फेट पेरून द्या, दुसरीत फक्त पाला राखा आणि कुदळ लावू नका. शेजारच्या दोन ओळी नेहमीसारख्या चालू द्या. दोन पावसाळे गेल्यावर तिन्ही ठिकाणचं तिसरं पान पुन्हा तपासा, तोडणीचं वजन ओळीप्रमाणे वेगळं लिहून ठेवा, आणि तेव्हाही खुरपं घेऊन पाला उचलून मुळं बघायला विसरू नका.